स्वाक्षरीची पारख

नोव्हेंबर 1933 मध्ये वर्धा येथून निघालेल्या हरिजन दौऱ्यात महात्मा गांधी दुर्ग व रायपूर येथे आले होते. स्वाक्षरी मागणाऱ्याकडून हरिजन निधीसाठी पाच रुपये घेण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यामुळे या भागातील एखाद्या जुन्या घरात त्यांच्या हातची खरी स्वाक्षरी आजही सापडणे अशक्य नाही. दुर्गच्या शेजारी पुढे भिलईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या रिसाली वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या संग्राहकास इंटरनेटवर ‘दुर्ग, 1933’ अशी नोंद असलेली गांधीजींची स्वाक्षरी विक्रीस दिसली, तर त्याचा विश्वास बसणे स्वाभाविक आहे. बनावट माल विकणारा नेमका याच विश्वासावर जगतो. हकीकत संभवनीय असली म्हणजे कागद खरा ठरत नाही.

स्वाक्षरी ही वरवर पाहता आकृती. वस्तुतः ती हाताच्या गतीची नोंद होय. सवयीने सही करणाऱ्याचे लक्ष अक्षरांकडे नसते. त्याची लेखणी वेगाने जाते, वळणावर दाब बदलतो, शेवटची रेघ निमुळती होत कागदावरून उठते. नक्कल करणाऱ्याला आकार सांभाळावयाचा असल्याने वेग सोडावा लागतो. मग रेघेत सूक्ष्म कंप येतो, मध्येच थांबल्याच्या जागी शाईचा ठिपका साचतो आणि शेवट बोथट होतो. दहापट मोठे दाखविणारे भिंग असले की हे फरक बहुधा दिसू लागतात. त्याच भिंगाखाली सारी रेघ बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली आढळली, तर ती सही नसून छापलेले चित्र आहे. मात्र वार्धक्य, आजार वा धावती आगगाडी यांमुळे खऱ्या सहीतही कंप येतो, हे विसरून चालणार नाही.

एकाच माणसाच्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून संशय फरकाने जसा यावा, तसाच अतिसाम्यानेही यावा. अमेरिकेतील हाउलँड मृत्युपत्राच्या खटल्यात, 1860 नंतरच्या दशकात, दोन सह्या एकमेकींवर अगदी चपखल बसत होत्या. गणिती बेंजामिन पर्स यांनी त्याच स्त्रीच्या 42 सह्या परस्परांशी ताडून पाहिल्या. सहीतील 30 उभ्या रेघांपैकी एखादी रेघ जुळण्याचा योग सरासरी पाचांत एकदा येतो, असे त्यांना आढळले. तेव्हा सर्व 30 जुळण्याची शक्यता, एक भागिले पाचाचा तिसावा घात, एवढी अल्प ठरते. एका हाताच्या रेघा परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने हे गणित फुगलेले होते, पण मूळ तत्त्व टिकले. सही करणाऱ्या यंत्रांनाही ते लागू पडते. गायक बॉब डिलन यांच्या 2022 मधील एका ग्रंथाच्या सुमारे 900 प्रती ‘हस्ताक्षरित’ म्हणून प्रत्येकी 599 डॉलरला विकल्या गेल्या. सोबत प्रकाशकाचे प्रमाणपत्रही होते. ग्राहकांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रे ताडून पाहिली आणि यंत्र उघडे पडले. डिलन यांनी क्षमा मागितली, पैसे परत देण्यात आले.

तुलनेसाठी नमुना निवडतानाही विवेक हवा. ‘हिंद स्वराज’ लिहिताना, 1909 मध्ये बोटीवर, उजवा हात दमल्यावर गांधीजींनी काही पाने डाव्या हाताने लिहिली. शिवाय ते निरनिराळ्या लिप्यांत सही करीत. म्हणून नागरी सहीशी नागरी, आणि शक्यतो त्याच काळातील सही, ताडून पाहावी.

साहित्याची साक्ष अधिक रोकडी असते. बॉलपेन बाजारात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. नमद्याच्या टोकाची लेखणी 1960 नंतरची. त्यांपैकी कशानेही ‘1933’ ची सही होणे नाही. कागदाला शुभ्रता आणणारी, अतिनील प्रकाशात निळसर चमकणारी द्रव्येही युद्धोत्तर काळात रूढ झाली. जुना म्हणून दिलेला कागद तसा चमकला, तर विक्रेत्याला खुलासा विचारावा. न चमकणे मात्र काहीच सिद्ध करीत नाही, कारण जुन्या पुस्तकांची कोरी पाने लबाडांनाही मिळतात.

संशय आला की प्रथम विक्रीच्या जाहिरातीचे चित्र, पैसे दिल्याची नोंद, सर्व पत्रव्यवहार आणि वेष्टन जपून ठेवावे. जाहिरात नाहीशी होण्यास वेळ लागत नाही. नंतर विक्रेत्याकडे व विक्रीस्थळाकडे लेखी परतावा मागावा. चारचौघांत कोणाला चोर ठरविण्याची घाई करू नये. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी रिसालीच्या रहिवाशाला दुर्गच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची असून, दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पैसे घेऊन विक्रेता बेपत्ता झाला असेल, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. संशयित वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारून आपले पैसे वसूल करणे ही मात्र सरळ फसवणूक होय.

वाद आयोगापुढे गेल्यास हस्ताक्षरतज्ज्ञाला मूळ कागदच लागतो. छायाचित्रात दाबाच्या खुणा नीट उमटत नाहीत. म्हणून निकाल लागेपर्यंत त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये, रबराने घासू नये, शाईची परीक्षा म्हणून पाण्याचा थेंबही टाकू नये. साध्या कोऱ्या पाकिटात, न दुमडता, कोरड्या जागी ठेवणे पुरेसे आहे.