बिस्मार्कचं सुकाण आणि दहावीचा वर्ग

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा पाठ आहे आणि त्याच्या पाठोपाठ 'खेळ आणि इतिहास'. पोवाडा, नाटक, चित्रपट असं करत तास बरा चालतो. मुलांच्या मोबाइलवर मात्र त्या वेळी भलतंच काही वाजत असतं. आमच्या रत्नागिरीत एका बॅचमध्ये ते सबाटनचं 'बिस्मार्क' होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेवरचं गाणं. सबाटन हा स्वीडनमधल्या फालुन गावचा बँड. १९९९ पासूनचा, आणि युद्धांवर गाणी करण्यासाठीच ओळखला जाणारा. एप्रिल २०१९मध्ये त्यांनी हे गाणं 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' हा आरमारी गेम बनवणाऱ्या वॉरगेमिंग कंपनीच्या साथीनं काढलं. तेव्हापासून हे गाणं घेऊन मी वर्गात जे काही करत आले, त्यातून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. गाणं आधी पूर्ण ऐकावं. 'हा काय धांगडधिंगा' हे वाक्य बाईंच्या तोंडून ऐकायची मुलांची तयारी असतेच. ते वाक्य मिळालं नाही की ती गडबडतात आणि मग बोलायला लागतात. आवाजाचं म्हणाल, तर शिमग्याला पालखीपुढच्या ढोलात वाढलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

२. पैसे कोणाचे, हे विचारावं. पण उत्तर ऐकून लगेच नाक मुरडू नये. 'म्हणजे ही जाहिरात' असं एक मुलगी म्हणाली. अर्धं बरोबर होतं. मी तिला अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा आठवायला सांगितला. १६५९च्या त्या प्रसंगावरचा हा पोवाडा जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला गेला असं मानतात, आणि शाहिराला त्याचं बक्षीसही मिळालं. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, त्यामागे त्यांचा पक्षही होता आणि त्यांची निष्ठाही. (सबाटनचंही 'स्टालिनग्राड' नावाचं गाणं आहे, २००५च्या अल्बममधलं. वाटेगावचा शाहीर आणि फालुनची ही पोरं एकाच शहरापाशी पोचली, याची मला अजून गंमत वाटते.) आश्रयदाता असतोच. त्याला गाण्यात काय हवं होतं आणि काय नको होतं, एवढं शोधायचं. गेमच्या कंपनीला जहाज हवं असतं. भव्य, तोफांसह. ३८ सेंटीमीटरच्या आठ तोफा बिस्मार्कवर होत्या आणि मुलांना हा आकडा माझ्याआधी पाठ होता.

सगळीच गाणी इतका विचार करण्याच्या लायकीची नसतात. नोव्हेंबर २०१२मध्ये आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स २'साठी अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या अमेरिकन बँडनं 'कॅरी ऑन' केलं. गेम संपल्यावर त्यातला खलनायक आणि नायकाचा साथीदार बँडबरोबर स्टेजवर वाजवताना दिसतात. ती निव्वळ मजा आहे. तिथे इतिहास उकरत बसू नये.

३. जिथे गेममध्ये बटण असतं, तिथे थांबावं. माझा सगळ्यात चांगला तास या एका गोष्टीवर झाला. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स'मध्ये टॉर्पेडो लागून सुकाणू अडकलं, तर दुरुस्ती पथकाचं बटण दाबायचं. सुकाणू तत्काळ सुटतं आणि जहाज पुन्हा वळतं. खेळणाऱ्या मुलांनी हे हजारदा केलेलं असतं.

आता २६ मे १९४१ची संध्याकाळ. दोन दिवसांपूर्वी बिस्मार्कनं ब्रिटनची 'हूड' ही युद्धनौका बुडवलेली. तिच्यावरच्या १,४१८ माणसांपैकी तीन वाचली. अख्खं ब्रिटिश आरमार मागे लागलंय आणि बिस्मार्क फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराकडे निघालीय. 'आर्क रॉयल' या विमानवाहू नौकेवरून स्वोर्डफिश विमानं उठतात. दुहेरी पंखांची, कापड ताणून बसवलेली, त्या काळीही जुनाट वाटणारी. त्यातल्या एकाचा टॉर्पेडो मागच्या बाजूला लागतो आणि सुकाणू डावीकडे वळलेल्या अवस्थेत अडकतं.

इथे मी थांबले आणि विचारलं, पुढे काय होईल? गेम खेळणाऱ्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर आलं ते मागच्या बाकावरून. तिथे मिरकरवाड्याची, मच्छीमारांच्या घरची मुलं बसतात. त्यांना गेममध्ये फारसा रस नव्हता. "बाई, सुकाण अडकलं तर होडी गोल फिरणार." दुसरा म्हणाला, "दर्या खवळलेला असेल तर पाण्यात उतरून सोडवायला पण कोण जाणार नाही." तिसऱ्यानं विचारलं, वारा कुठला होता?

वारा वायव्येचा होता. इंजिनं कमीजास्त करून जहाज सरळ धरायचा त्यांनी प्रयत्न केला, तर ते वाऱ्याच्या तोंडाला जायचं; आणि ब्रिटिश त्याच बाजूनं येत होते. गोताखोरांना खाली सोडायचा विचार झाला, पण समुद्रानं ते होऊ दिलं नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य युद्धनौकांपैकी एक, रात्रभर आपल्या पायानं शत्रूकडे चाललेली. फळ्यावर मी फक्त बाण काढत होते, समजावत होती मागच्या बाकावरची मुलं. ज्यांना इतिहासात पस्तीसच्या वर गुण पडत नाहीत, ती.

४. पाण्यातल्या माणसांपर्यंत जावं. २७ मेच्या सकाळी 'किंग जॉर्ज पंचम' आणि 'रॉडनी' या ब्रिटिश युद्धनौकांनी मारा सुरू केला आणि दोन तासांच्या आत बिस्मार्क बुडाली. तिच्यावर २,२००हून अधिक माणसं होती. शेकडो जण जिवंत पाण्यात उतरले. 'डॉर्सेटशायर' ही ब्रिटिश क्रूझर आणि 'माओरी' ही विनाशिका जवळ आल्या, दोर सोडले, शंभराच्या वर लोक वर घेतले. मग पाणबुडी दिसल्याचा संशय आला आणि त्या निघून गेल्या. दोराला लोंबकळणाऱ्यांसकट बाकीचे मागे राहिले. एकूण वाचले सुमारे ११५.

वर्गात वाद पेटला. शत्रू झाला म्हणून काय, पाण्यातल्या माणसाला सोडून जायचं? राजिवड्याच्या मच्छीमार घरातल्या एका मुलीचं म्हणणं ठाम होतं: समुद्रात दिसलेला माणूस उचलायचा, मग कोण ते बघायचं. तिच्या घरी हा नियम आहे. एका मुलानं कप्तानाची बाजू घेतली. थांबला असता आणि खरंच पाणबुडी असती, तर त्याचीही माणसं गेली असती. मी निकाल दिला नाही. फक्त सांगितलं की पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९४२ला, तीच 'डॉर्सेटशायर' श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानी विमानांनी बुडवली. तिची आणि तिच्यासोबत बुडालेल्या 'कॉर्नवॉल'ची अकराशेवर माणसं दुसऱ्या दिवशी उचलली जाईपर्यंत आपल्याच हिंदी महासागरात तरंगत होती.

गेममध्ये पाण्यात माणसं नसतात, डेकवरही नसतात. जहाज बुडतं आणि पुढच्या फेरीत पुन्हा बंदरात उभं असतं. गाणं त्यापेक्षा थोडं पुढे जातं. तरीही ते जहाजाचं गाणं आहे.

५. झेंडा कोणाचा, हे न चुकता सांगावं. गेममधल्या बिस्मार्कवर स्वस्तिकाचा नाझी झेंडा नसतो. खऱ्या बिस्मार्कवर होता. १४ फेब्रुवारी १९३९ला हँबर्गमध्ये तिचं जलावतरण हिटलरच्या उपस्थितीत झालं. तिच्या खलाशांबद्दल वाईट वाटणं आणि ती कोणासाठी निघाली होती हे माहीत असणं, दोन्ही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना झेपतं. आपणच उगाच घाबरतो.

६. मग आपल्या समुद्रावर यावं. आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. हाच अरबी समुद्र, आपल्या किनाऱ्यावरून वायव्येला. बिस्मार्कच्या तोफांची मापं सांगणाऱ्या वर्गात खुकरीचं नाव ऐकलेली मुलं बोटावर मोजण्याइतकी असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खुकरीसाठी गिटार घेऊन कोणी त्यांच्या मोबाइलपर्यंत आलेलं नाही. एका गटानं तिच्यावर पोवाडा करायला घेतला. डफ मिळाला, पण मुल्लांना जहाजावर ठेवायचं की पाण्यातल्या खलाशांपासून सुरुवात करायची यावर त्यांचं भांडण झालं. भांडण माझ्या मते अगदी योग्य जागी झालं.

७. शेजारच्या वर्गात गणिताचा तास असेल तर सरांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. आमचे सर तणतणत आले, दारात उभं राहून गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हे जहाजाचं झालं. त्यांचं 'वर्ल्ड ऑफ टँक्स'वालं २०२१चं 'स्टील कमांडर्स' ऐकलंत का बाई?" ते रणगाड्यांचा गेम खेळतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.