सासूबाईंचा अंगठा

प्रश्न : आम्ही कारेगावचे. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. जन्मभर खुरपणी, कांदा काटणी आणि गाईंच्या धारा, एवढंच केलं. रेशनच्या पॉस मशीनवर त्यांचा अंगठा लागतच नाही. दुकानदार बोट कपाळावरून, केसांवरून फिरवायला लावतो, तरी चारदा नापास. आमच्या खोलीत भाड्यानं राहणारा बिहारचा पोरगा येतो, बोट टेकवतो आणि पिशवी भरून निघून जातो. आत्याबाई म्हणतात, "पन्नास वर्षं या गावात काढली, आणि मीच मी नव्हे?" ठसे खरंच पुसले जातात का? आणि मशीनला परका ओळखू येतो, घरचा येत नाही, हे कसं?
– एक सूनबाई, कारेगाव, ता. शिरूर

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसरा प्रश्न तुम्ही वैतागून विचारलात, पण खरी गोष्ट त्याच्यातच आहे. आधी सोपं उरकून घेऊ.

ठसे झिजतात, पण जात नाहीत. बाळ पोटात असताना, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बोटांवर रेषा धरू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी पक्की होते. तिचा साचा वरच्या कातडीत नसतो, तो खालच्या थरात असतो. वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते आणि खालच्या साच्याबरहुकूम तीच नक्षी पुन्हा वर काढते. म्हणून बोट भाजलं, सोललं, तरी बरं झाल्यावर ठसा जुनाच असतो. जखम खोल गेली आणि साचाच बिघडला तर गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमधल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या काही जणांच्या बोटांवर जन्मापासून रेषाच नाहीत. विमानतळावर त्यांची इतकी रखडपट्टी होते, की डॉक्टरांनी त्या दोषाला गमतीनं 'परदेशात शिरायला उशीर लावणारा आजार' असं नाव दिलं. तुमच्या आत्याबाईंचं तसं काही नाही. त्यांच्या बाबतीत झीज भरून येण्याआधी पुढची झीज होते, एवढंच. सकाळी धार, मग खुरपं, काटणीच्या हंगामात दिवसभर विळा आणि कांद्याची पात, संध्याकाळी राखेनं भांडी. त्यात वयानं कातडी पातळ आणि कोरडी होते, बोटावर आडव्या सुरकुत्या पडतात. मशीनला त्या सुरकुत्या म्हणजे रेषा मध्येच तुटल्यासारख्या दिसतात. गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणाऱ्या तिशीतल्या बाईचीही हीच तऱ्हा असते. दोष वयाचा आहे तितकाच कामाचाही.

मशीन बोट बघतं कसं? काचेखाली दिवा असतो. रेषेचा उंचवटा काचेला घट्ट टेकतो तिथं उजेड परत फिरत नाही, ती जागा काळी दिसते. दोन रेषांमधल्या खाचेत हवा असते, तिथून उजेड परत येतो, ती पांढरी दिसते. सगळी मदार त्या टेकण्यावर. कोरडी कातडी काचेला नीट चिकटत नाही, रेषा ठिपक्याठिपक्यांची उमटते. म्हणून कपाळावरून, केसांवरून बोट फिरवायला लावतात. त्यात अंधश्रद्धा काही नाही, त्यानं बोटाला जरा तेलकटपणा येतो आणि टेकणं सुधारतं. मात्र बोट ओलंचिंब असेल तर खाचाही भरून जातात आणि सगळंच काळं होतं. तुमच्या भाडेकरूचं बोट विशीतलं, भरलेलं, थोडं घामट. काचेला हवं तसं.

एवढं झालं की मशीन चित्राला चित्र जोडून बघत असेल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रेषा कुठं संपते, कुठं तिला फाटा फुटतो, अशा खुणांच्या जागा ते टिपतं आणि आधारच्या साठ्यातल्या जुन्या खुणांशी ताडून गुण देतं. अमुक गुणांच्या वर पास, खाली नापास. मशीनला आत्याबाई 'माहीत' कधीच होत नाहीत. त्याचा फक्त अंदाज असतो, आणि अंदाजाची रेघ कुठं मारायची हे माणसांनी ठरवलेलं असतं. तुमच्या घरी धान्य चाळताना होतं तेच इथं होतं. चाळण बारीक केली की खडे जास्त अडकतात, पण त्यांच्यासोबत चांगले दाणेही अडकतात. सैल केली की दाणे सगळे उतरतात, आणि खडेही. दोन्ही एकदम साधणारी चाळण अजून कुणी विणलेली नाही. २०१८ साली आधार प्राधिकरणानंच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं, की देशभरात बोटांची पडताळणी सुमारे ६ टक्के वेळा आणि डोळ्यांची साडेआठ टक्के वेळा फसते. सहा टक्के म्हणजे कागदावर थोडे वाटतात. पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. ते आत्याबाईंसारख्यांच्याच वाट्याला पुन्हा पुन्हा येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

पेशव्यांच्या काळातले आणि त्याआधीचे महजर, म्हणजे गावसभेचे निवाडे, कधी बघायला मिळाले तर त्यांचा शेवट जरूर बघा. शेवटी साक्षीदारांची नावं असतात आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापुढे त्याच्या कामाची खूण काढलेली असते. पाटलापुढे नांगर, वाण्यापुढे तागडी. 'निशाणी नांगर' एवढं लिहिलं की काम झालं. आता सांगा, नांगर कुणालाही काढता येतो, मग तो पुरावा कसा? पुरावा ते चित्र नव्हतंच. चौघांच्या देखत ते काढलं जात होतं, आणि ते चौघे त्या माणसाला, त्याच्या बापाला, त्याच्या बांधाला ओळखत होते. ओळख कागदावर नव्हती, गावात होती.

अंगठा नंतर आला, आणि तो आला परक्यांच्या व्यवहारातून. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी त्यानं रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदावर त्याच्या पंजाचा शाईचा ठसा घेतला. का? उद्या हा "सही माझी नाही" म्हणू नये, म्हणून. सायबाला कोनाई माहीत नव्हता आणि ज्यांना माहीत होता त्यांच्यावर सायबाचा भरवसा नव्हता. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अंमलदारांनी बसवली आणि नाव झालं त्यांच्या सायबाचं, एडवर्ड हेन्रीचं. (असं नेहमीच होतं, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) ते कार्यालय होतं गुन्हेगारांसाठी. पुढं आपल्या सातबाऱ्याच्या आणि खरेदीखताच्या जगात 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आली ती याच वाटेनं.

आणि यात एक उलटापालट झाली, ती मला फार बोचते. पूर्वी माणसाचं काम हीच त्याची खूण होती. आता त्याचं कामच त्याची खूण पुसतं. नांगर धरणाऱ्या माणसाची ओळख नांगरानं पटत होती. आज नांगरानंच, नाहीतर विळ्यानं, ती पटेनाशी झाली.

आता कारेगावकडे बघा. पुणे-नगर रस्त्यावरचं, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचं हे गाव. नव्वदच्या दशकात रांजणगावची एमआयडीसी आली आणि जिथं बाजरी नि कांदा होता तिथं फ्रीज, टीव्ही, मोटारी तयार होऊ लागल्या. कामाला मराठवाड्यातनं, विदर्भातनं, उत्तर प्रदेश-बिहारमधनं पोरं आली. पोरांना खोल्या हव्या होत्या, गावानं खोल्या बांधल्या. पिकापेक्षा भाडं भरवशाचं, हा हिशोब तिथल्या कुणालाही विचारा. ज्या गावात 'अमक्याची सून, तमक्याची आई' म्हटलं की चार पिढ्या उलगडत, तिथं आता शेजारच्या खोलीत कोण राहतं हे महिन्याला बदलतं. आणि रागावू नका, पण त्या बिहारच्या पोराला खोली देताना तुम्हीही आधी त्याच्या आधारची झेरॉक्स मागितली असणार. मागायलाच हवी, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यावी लागते. त्याला ओळखणारं इथं कुणीच नव्हतं, म्हणून कागद मागितला.

त्या पोरासाठी पॉस मशीन म्हणजे वरदान आहे, हे कबूल करायला हवं. पूर्वी गाव सुटलं की रेशन सुटायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायला सुरुवात झाली, त्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. आता तो इथं स्वतःच्या वाट्याचे पाच किलो उचलतो आणि गावाकडं आई उरलेलं उचलते. कारेगावात त्याला साक्ष द्यायला कुणी नाही. त्याचा साक्षीदार त्याचा अंगठा. आत्याबाईंना साक्षीदार गावभर आहेत, पण त्यांची साक्ष आता कुणी विचारत नाही. यंत्र परक्यांच्या सोयीसाठी घडलं आणि सरसकट सगळ्यांना लावलं, त्याचा हा परिणाम. मशीनच्या लेखी गावात घरचं कुणीच नाही, सगळेच काल आलेले भाडेकरू.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. दुकानदारानं ओळखलं की धान्य मिळायचं हे खरं, पण मेलेल्या माणसांच्या नावावरही धान्य उचललं जायचं, आणि ज्याला गाव 'ओळखत' नसे, म्हणजे ओळख द्यायला तयार नसे, त्याचं काय व्हायचं हे वेशीबाहेरच्या वस्त्यांना विचारावं. पण अंगठ्यानं सगळी चोरी थांबते असंही नाही. नाव कुणाचं ते अंगठा सांगतो, माप किती घातलं ते त्याला कळत नाही.

'मग हुशार मशीन आणा की,' असं तुमच्या घरातलं कुणी तरी म्हणेल. आलीच आहेत. २०२३ पासून आधारच्या पडताळणीत संगणक बोट जिवंत आहे की रबरी, हेही तपासतो. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून मिळतो. रेशनच्या केवायसीसाठीही चेहऱ्याचं ॲप निघालं. कारखान्याच्या गेटवर हजेरीला चेहऱ्याचं मशीन तर तुमच्या भाडेकरूला रोजचंच असेल. कोरड्या बोटापेक्षा चेहरा आत्याबाईंना सोपा जाईल, जरूर वापरा. पण आतून काम तेच, खुणा, गुण आणि रेघ. बोटाऐवजी चेहऱ्याची चाळण.

आता करायचं काय ते सांगतो. तुमचं नाव त्याच कार्डावर असेल तर महिन्याचं धान्य उचलायला तुमचाही अंगठा चालतो, दर वेळी त्यांना उन्हात नेऊ नका. केवायसी मात्र प्रत्येकाची वेगळी व्हावी लागते, तिथं त्यांना पर्याय नाही. अंगठ्याचाच हट्ट नको. आधारला दहाही बोटं घेतलेली असतात, करंगळीशेजारचं बोट कामात कमी घासलं जातं, ते लावून बघा. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसायचे, मशीनची काचही फडक्यानं पुसायला सांगायची. आधीच्या दहा जणांचं तेल तिच्यावर असतं. डोळ्यांचं मशीन असेल तर तेही बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तर कधी कधी तेही अडतं. आणि काहीच लागलं नाही तरी धान्य नाकारता येत नाही, दुसऱ्या ओळखीवर देऊन वहीत नोंद करावी, असं केंद्राच्या अन्न खात्यानं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. दुकानदाराला हे शांतपणे सांगा. त्यानंही ऐकलं नाही तर तहसील कचेरीत पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कायमचा उपाय म्हणजे आधार केंद्रावर ठसे नव्यानं देणं. आधारची सुरुवात आपल्याच राज्यातली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ची. म्हणजे आत्याबाईंचे ठसे पहिल्या दोन-चार वर्षांत घेतले असतील तर ते साठीच्या अलीकडच्या बाईचे आहेत. आजचं बोट त्या बोटाशी जुळत नाही यात नवल काय? नव्यानं देताना बोट भरलेलं हवं. उन्हाळ कांदा निघून गेला, हात महिनाभर पूर्ण थांबले, रोज रात्री खोबरेल चोळलं, की रेषा वर येतात. तेवढ्यात केंद्रावर न्या. आत्याबाईंना महिनाभर विळ्याला आणि गाईच्या सडाला हात कसा लावू द्यायचा नाही, ते मात्र तुमचं तुम्ही बघा. माझी आई तर चार दिवसही ऐकली नव्हती.