सेंद्रिय सूत : पारख आणि जबाबदारी

"सेंद्रिय सुताचे कापड आहे का?" असे खरेदीदाराने विचारले, की पुष्कळ व्यापारी "आहे" म्हणून मोकळे होतात. शंभर टक्के सुती माल म्हणजेच सेंद्रिय, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत चूक आहे आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात, विशेषतः मालेगावात, ती महागात पडू शकते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी मोसम-गिरणेच्या काठी हा धंदा वाढविला. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, पण मालाबद्दल विणकराने दिलेल्या शब्दाचे मोल कमी झालेले नाही.

सेंद्रिय कापूस म्हणजे रासायनिक खत व कीटकनाशक न वापरता पिकविलेला कापूस. त्यात बीटी बियाणे चालत नाही. आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज बहुतेक शेतांत तोच आहे. शेत सेंद्रिय ठरण्यापूर्वी किमान दोन वर्षे संक्रमणात काढावी लागतात. हा सारा इतिहास सुताच्या कोनावर बोट फिरवून कळत नाही. प्रयोगशाळा फार तर बीटीचा अंश शोधील. पण बीटी नाही म्हणून सूत सेंद्रिय, असेही ठरत नाही.

म्हणून येथे सारा भरवसा कागदावर आहे. जगभर मानल्या जाणाऱ्या 'जीओटीएस' या मानकात 'सेंद्रिय' म्हणण्यासाठी किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात. गिरणीचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असले तरी तेवढे पुरत नाही. आपण घेतलेल्या त्याच मालाचे, वजनासह, व्यवहार प्रमाणपत्र मागावे आणि ते देणाऱ्या संस्थेकडून खरे करून घ्यावे. ही खबरदारी फाजील नव्हे. २०२० साली भारतात सुमारे २० हजार टन कापसाची खोटी व्यवहार प्रमाणपत्रे उघडकीस आली आणि ११ कंपन्यांवर बंदी घालण्यात आली.

आणखी एक गोष्ट आपल्या कारखानदारांच्या लक्षात येत नाही. प्रमाणित सूत आणले, पण सायझिंग आणि विणाई अप्रमाणित ठिकाणी झाली, तर साखळी तेथेच तुटते. ते कापड 'जीओटीएस' म्हणून विकता येत नाही. चार-सहा मागांच्या मालकाला स्वतंत्र प्रमाणपत्राचा खर्च झेपणे कठीण. त्याने प्रमाणित कंपनीचे मजुरीचे काम घ्यावे आणि त्या कंपनीच्या प्रमाणपत्रात आपल्या कारखान्याची नोंद आहे का, हे आधी पाहावे.

'बांबूचे पर्यावरणस्नेही सूत' हे नवे आकर्षण. बहुधा ते व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या विषारी रसायनातून काढलेला असतो आणि त्याची बाधा कामगारांच्या मज्जातंतूंना होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ सालीच असा माल नुसता 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली. येथे जाळून पाहण्याची जुनी युक्तीही कामाची नाही, कारण व्हिस्कोस कापसासारखेच जळते, जळलेल्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर मात्र वितळून कडक मणी होतो. सुयांवर स्वेटर विणून विकणाऱ्या भगिनींनी ही परीक्षा जरूर करावी. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते.

रंगाचे काय? जर्मनीने १९९४ साली घातक ॲझो रंगांविरुद्ध कायदा केला, तेव्हा आपले निर्यातदार गडबडले. १९९७ पर्यंत भारतातही ११२ रंगांवर बंदी आली. रंगीत सूत घेताना ॲझोमुक्त असल्याचा चाचणी अहवाल मागावा. मुंबईत घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या प्रयोगशाळेत तपासणी होते. अहवाल मिळत नसेल तर बिनरंगी सूत बरे. माझ्या मते छोट्या कारखानदाराला आज खात्रीने करता येण्याजोगी पर्यावरणाची सेवा हीच आहे. रंगाचे पाणी नदीत जात नाही ते वेगळेच.

राहिले वजन. कोरड्या कापसाच्या १०० किलोमागे साडेआठ किलो ओलावा व्यापारात ग्राह्य धरतात. त्याहून जास्त असेल तर सुताच्या भावाने पाणी घेतले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली, ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सुताच्या गोणीतही वरचा कोन न घेता मधला काढून तपासावा आणि आपला माल देताना गिऱ्हाइकालाही तसाच मधला काढू द्यावा.

कागद पुरे नसतील तर बिलावर 'सेंद्रिय' हा शब्द घालू नये. '१०० टक्के सुती, ३० नंबर, बिनरंगी' असे जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे, आणि प्रत्येक लॉटचा एक नमुना गिरणीच्या चिठ्ठीसह जपून ठेवावा.