दंतवैद्यकाचा विद्यार्थी आणि संसर्गाचा धोका

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचे कार्यक्षेत्र म्हणजे रुग्णाचे मुख होय. ही जागा अरुंद व लाळेने सदैव ओली असते. दात काढताना तीत रक्तही मिसळते. तेथेच टोकदार हत्यारे चालवावयाची असतात. विद्यार्थ्याचा हात सरावलेला नसल्यामुळे सुई टोचण्याचा संभव अधिक असतो.

रोगजंतू तीन मार्गांनी पोचतात : टोचलेल्या सुईतून, डोळ्यांत वा जखमेवर उडालेल्या रक्तातून, आणि दात कोरण्याच्या यंत्रामुळे हवेत पसरणाऱ्या तुषारांतून. म्हणूनच हातमोजे, मुखपट्टी व चष्मा आवश्यक ठरतात.

यांपैकी हिपॅटायटिस-ब या यकृतरोगाचा विषाणू विशेष चिवट आहे. तो वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस टिकतो. लस न घेतलेल्या माणसास बाधित सुई टोचल्यास शंभरांत ६ ते ३० जणांना संसर्ग होऊ शकतो; एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. बाधित रुग्ण पुष्कळदा निरोगी दिसतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच दक्षता पाळावी लागते. लसीच्या तीन मात्रा आरंभी, एका महिन्याने व सहाव्या महिन्यात घ्यावयाच्या असतात. त्यानंतर एकदोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण लाभले की नाही, हे पाहता येते.

खेड्यातील शिबिरात खरी कसोटी लागते. म्हैसूर जिल्ह्यात कावेरीकाठी वसलेले तलकाड वाळूत गाडल्या गेलेल्या देवालयांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावी शिबिर भरले, रांग लांबली आणि हत्यारे अपुरी पडली, तर ती स्पिरिटने पुसून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. परंतु स्पिरिटने जंतूंची बीजुके मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालील वाफ निदान १५ मिनिटे लागते. म्हणून जितके रुग्ण तितके निर्जंतुक संच बरोबर न्यावेत, आणि ते संपताच काम थांबवावे.

वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवू नये. २०१६ च्या नियमांनुसार ती न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावयाची असते. सुई टोचलीच, तर जखम साबण व पाण्याने धुवावी. ती दाबू अथवा चोखू नये. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गुरुजन रागावतील या भीतीने विद्यार्थ्याने ही गोष्ट लपविल्यास तो मोलाचा वेळ वाया जातो. यास्तव अशी दुर्घटना तत्काळ कळविणे, हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.