नारळ, पाणी आणि पुरावा

चि. बाळू,

बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलवावे का, असे तू विचारले आहेस. पाणी असेल तिथे तळहातावर उभा राहणारा त्याचा नारळ दहापैकी सात वेळा खरा ठरतो, हा गावाचा दाखला मी खोटा म्हणत नाही. पण नारळ न फिरवता त्याच शिवारात बोअर घेतली, तर दहात किती वेळा पाणी लागते? महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसलेला. मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांत थोडेफार पाणी पुष्कळ ठिकाणी सापडतेच. तो आकडाही सातच निघाला, तर नारळाने भर काय घातली? शिवाय फसलेल्या बोअरची गोष्ट कोणी सांगत बसत नाही. लागलेल्या पाण्याची मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आता दाव्याच्या मूळ शक्यतेकडे बघ. शेजारच्या गावात पाऊस झाला, हे मी एकाच माणसाच्या सांगण्यावरून मानीन; पाऊस पडतच असतो. दोनशे फूट खालचे पाणी तळहातावरचा नारळ उभा करते, हे मानायला पदार्थविज्ञानाला आजवर न दिसलेले बल मानावे लागते. त्याला साक्षही तितकीच भक्कम हवी. ती शोधून झाली आहे. 1987-88 मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात खाली पाण्याचा नळ जागा बदलून ठेवत आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यांनी ती जागा ओळखायची. शेकडो जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतल्या मोजक्यांत गुण दिसला, पण जे. टी. एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते अंदाजपंचे उत्तरांहून वेगळे निघाले नाहीत.

तू म्हणशील, आकाशातून दगड पडतात यालाही विद्वान हसले होते. हसले, खरेच. क्लाड्नी या शास्त्रज्ञाने 1794 मध्ये तसे लिहिले, तेव्हा फार थोड्यांना पटले. पण 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेग्लजवळ हजारो दगड पडले. बियो या शास्त्रज्ञाने जाऊन पाहिले, तर सगळे एकसारखे, तिथल्या खडकाहून निराळे, आणि गावोगावचे साक्षीदार एकच सांगणारे. दावा नऊ वर्षांत तरला. नारळाऐवजी फांदी फिरवणारे तर 1556 च्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणग्रंथातही भेटतात, आणि साडेचारशे वर्षांत त्यांचा पुरावा तसूभर पुढे सरकलेला नाही. असा दावा उद्या नवा पुरावा येईपर्यंत बाजूला ठेवण्यात उर्मटपणा कसला?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. जुन्या पाणाड्याला ओढे, उतार, झाडे कळतात. मग त्याच्या नजरेचे पैसे दे, नारळाचे नको. बोलावलेस तर रिकाम्या हाताने शिवार फिरायला सांग. आणि आसपासच्या सगळ्या विहिरी-बोअरची खोली व उन्हाळ्यातली पातळी आधी वहीत लिहून काढ, कोरड्या गेलेल्या धरून.

तुझा,
मामा