देवावर भरवसा ठेवायचा, म्हणजे आज काय करायचं?

मुलांनो, नोकरी जाते, घरात मोठं आजारपण येतं, ठरलेलं लग्न मोडतं, तेव्हा आपल्या मंडळीत पहिला सल्ला मिळतो, "देवावर भरवसा ठेव." सल्ला खरा आहे. पण भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या आईने आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी ते मला करून दाखवलं. तेच आज तुम्हाला देते. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: पुढचं देवावर सोपवायचं आणि आजचं आपण करायचं. या दोहोंची अदलाबदल झाली की माणूस खचतो.

आधी देवापुढे मन मोकळं करा

संकट आलं त्याच दिवशी हसतमुखाने साक्ष द्यायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी गाऱ्हाणीच आहेत. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो की हे कुठवर चालणार. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने हा प्याला टळावा म्हणून बापाला विनवलं आणि मगच स्वतःला त्याच्या इच्छेवर सोडलं. तेव्हा दार लावा आणि जे वाटतं ते मोठ्याने बोला. शब्द सजवू नका. राग असेल तर राग सांगा. देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशी बोलतो आहे, एवढं लक्षात ठेवा.

प्रार्थना करा आणि पहाराही ठेवा

नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधत होता तेव्हा शत्रू हल्ल्याच्या तयारीत होते. त्याने लोकांसह प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारेही बसवले. एक केलं म्हणून दुसरं सोडलं नाही. तुम्ही एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं लिहा, उजवीकडे हाताबाहेरचं. डाव्या बाजूची कामं दिवसा करायची, उजवी बाजू रात्री प्रार्थनेत देवापुढे ठेवायची.

दवाखान्याचं बिल भागत नसेल तर गुडघे टेका आणि चौकशीलाही जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. देव बहुतेक वेळा माणसांच्याच हातून देतो, आणि त्या माणसांपर्यंत चालत जाणं आपलं काम असतं.

आजच्यापुरतं मागा

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो रोजचा रोज. कुणी हावरेपणाने उद्यासाठी राखला तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो टिके. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजचीच भाकर मागतो. म्हणून वर्षभराचे हप्ते कसे फेडू याचा हिशेब रात्री अंथरुणात करू नका. हिशेब दिवसा, कागदावर, घरच्यांबरोबर बसून करा. रात्री एवढंच म्हणा: बापा, आजचं भागलं, उद्याचं तुझ्या हाती. सकाळी उठल्यावर त्या एका दिवसापुरतं बळ मागा.

आधी पाऊल टाका

तांबड्या समुद्रापाशी देवाने आधी पाणी दुभंगलं आणि मग लोक चालले. यार्देन नदीशी उलट झालं. सुगीचे दिवस, नदी दुथडी भरलेली. कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागले, तेव्हा कुठे पाणी थांबलं. देव तोच होता, रीत वेगळी होती. म्हणून शेजारणीला कशी वाट मिळाली यावर आपली वाट जोखू नका, आणि सगळा रस्ता दिसेपर्यंत थांबूनही राहू नका. एक अर्ज भरा, एक फोन करा, एक माफी मागा. पाऊल प्रामाणिक असू द्या. लाच देऊन किंवा खोटा दाखला काढून उघडलेलं दार देवाने उघडलं असं कधी म्हणू नका.

शरीराकडे दुर्लक्ष नको

कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया, ईजबेलच्या धमकीनंतर रानात जाऊन मरण मागत बसला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं बोलणं नंतर झालं. अडचणीच्या काळात जेवण चुकवू नका, जागरणं करू नका. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हटलं तर त्याला सांगा की पौलाचा जिवलग सोबती लूक वैद्य होता. मन सतत काळवंडलेलं राहिलं, जगणं नकोसं झालं, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो फोनमध्ये साठवून ठेवा.

देवाशी सौदा करू नका

"हे काम झालं तर मी इतकं दान देईन," ही भाषा सोडा. देव आपला बाप आहे. पैसे घेऊन चमत्काराची हमी देणाऱ्यांच्या नादीही लागू नका. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. प्रेषिताला नकार मिळू शकतो, तसा तुम्हालाही मिळेल. तेव्हा आपला विश्वास कमी पडला म्हणून हे झालं, असं स्वतःला बोलून घेऊ नका आणि इतरांनाही तसं बोलू देऊ नका.

चार माणसं जवळ ठेवा

कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून येशूपुढे उतरवलं. येशूने त्या सगळ्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. स्वतःला प्रार्थना सुचत नाही असे दिवस येतात. तेव्हा आपल्यासाठी प्रार्थना करतील आणि घरची बातमी बाहेर नेणार नाहीत, अशी चार माणसं आजच मनाशी ठरवा. दुसऱ्याच्या दुःखात तुम्ही गेलात तर ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि चुकले. तुम्ही डबा घेऊन जा, मुलांना शाळेतून आणा, रात्री दवाखान्यात थांबा. कारणं सांगू नका.

देवाने केलेलं लिहून ठेवा

पलिष्ट्यांपासून सुटका झाल्यावर शमुवेलाने एक दगड उभा केला आणि त्याला अबनेझर नाव दिलं, देवाने इथवर साहाय्य केलं याची खूण म्हणून. त्याच वहीच्या मागच्या पानांवर तारखेसह नोंद करा: फी भरली गेली, ताप उतरला, तुटलेलं बोलणं जुळलं. वर्षाअखेरीच्या उपासनेआधी घरातल्या सगळ्यांना ती पानं वाचून दाखवा. पुढच्या संकटात मन म्हणेल की देवाने आपल्याला टाकलं. तेव्हा ही पानं उघडा.

आपलं दुःख असतानाही दुसऱ्याला हात द्या

हे मी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून घेतलं. आईवडील दुष्काळाच्या हालांत गेले. १८८० साली भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. तिथे धर्मांतराच्या वादात अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, मुलींना तिथे ठेवता येईना. त्या वेळी केडगावची जमीन उपयोगी पडली. ती त्यांनी आधीच घेऊन तिथे फळबाग लावली होती. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत बायबल आणत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच. रमाबाईंनी काम टाकलं नाही. भाषांतर पुरं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या. देवाने त्यांचं दुःख टाळलं नाही. त्या दुःखातून हजारो पोरक्या मुलींना घर मिळालं. हे का असं झालं, याचा उलगडा मला कधी झाला नाही, आणि त्यावाचून माझा भरवसा अडलाही नाही.

तेव्हा आज ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याने यातली एकच गोष्ट निवडावी आणि झोपण्याआधी तेवढी करावी. उरलेल्या उद्या. देव उद्याही तिथेच असणार आहे, याची साक्ष मी माझ्या सगळ्या आयुष्यानिशी देते.