सुया मोजून घे

अगं, रविवारी घरीच गोधडीचे वर्ग घेणार आहेस म्हणे. विचारलंस म्हणून सांगते. साताऱ्याच्या आमच्या पुढच्या खोलीत बावीस वर्षं बायका येऊन बसल्या, त्यातून जे कळलं ते एवढंच.

बायका सहाच घे. सातवी आली की तुझं लक्ष टोकाच्या बाईपर्यंत पोचत नाही आणि खोलीत एकाच्या जागी दोन गप्पा सुरू होतात. सतरंजी घाल, पण भिंतीशी दोन खुर्च्या कुणी न मागता मांडून ठेव. गुडघे दुखतात हे पहिल्या दिवशी कुणी कबूल करत नाही.

अख्खी वाकळ शिकवायच्या फंदात पडू नकोस. घरचं सगळं बघून एकटीनं शिवायची तर महिने जातात, आणि तिसऱ्या रविवारपासून बाई यायची बंद होते. 30 बाय 36 इंचांचं बाळाचं दुपटं घे. थर, धावदोरा, कोपरे, सगळं त्यात येतं. कापड जुनं सुतीच हवं. नायलॉनची भेसळ असली की सुईखाली थर सरकतो. कुणी नवं कापड आणणार असेल तर आधी धुऊन खळ काढायला सांग. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि दुपट्यावर चुण्या पडतात.

कच्चे टाके मात्र तू स्वतः बघ. चार-चार बोटांवर हवेत. आपली शिवण कडेनं सुरू होऊन गोल फिरत मधे येते, त्यामुळे थरांतला ढिलेपणा पुढे ढकलला जाऊन शेवटी मधोमध फुगा धरतो. नवखीला वाटतं आपला हातच वाईट. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. ओवायची एक खेप वाचवायला जातात आणि गाठी सोडवत बसतात.

वाकडा टाका उसवायला लावू नकोस. शेजारी तुझे दोन टाके घाल आणि पुढे सरक. तिला दिसलं तर ती उसवेल, नाही दिसलं तर राहू दे. बाळाला काय कळतंय!

चहा स्वयंपाकघरातच दे, कपडा ठेवून तिथे यायचं. चिवडा तर नकोच, तेलकट बोटं लगेच साडीवर उमटतात. पैसे आधी घे, नणंदेकडूनही घे. फुकट आलेली बाई उशिरा येते. आणि समोरच्या बिऱ्हाडाला आधीच सांगून ठेव. भांडणं वर्गावरून होत नाहीत, दारातल्या चपलांवरून होतात.

एकदा एक बाई आईची साडी घेऊन आली होती. फिकट हिरवी, धुऊन धुऊन मऊ झालेली. मी सवयीनं कात्री पुढे केली. तिनं घडी मांडीवर घेतली आणि काठावरून नुसता अंगठा फिरवत राहिली. बाकीच्या बोलत होत्या, तिच्याकडे कुणी बघितलं नाही हे बरं झालं. मी कात्री मागे घेतली. म्हटलं, कापायची कशाला, घडी घालून अख्खी आतल्या थरात घालू. दुपटं नको, थोडी मोठी गोधडी कर. तिला पाच महिने लागले. मी फी एका महिन्याचीच घेतली, आणि हा एकच अपवाद.

राहता राहिल्या सुया. देताना मोज, घेताना मोज, आणि लोहचुंबक सतरंजीवरून फिरव. एकदा आठ दिल्या, सात आल्या. म्हटलं कुणाच्या तरी पिशवीत गेली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुझ्या आतोबांच्या टाचेत सापडली. त्यानंतर वर्षभर ते पुढच्या खोलीत चपला घालून वावरायचे.

पहिल्या रविवारी मला बोलावू नकोस, मी आले की तू माझ्याकडेच बघत बसशील. सगळ्या गेल्या, सुया भरल्या की फोन कर.